लॅपटॉपच्या पडद्यावरचे रंग : आधी काटा तपासा, मग माल तोला



हल्ली मुलांची चित्रे वर्गातल्या दोरीवर जेवढी लागतात, त्याहून जास्त आपल्या लॅपटॉपमध्ये साठतात. ऑनलाइन चित्रकला स्पर्धा, शाळेचा वार्षिक अंक, भित्तिपत्रक, स्नेहसंमेलनाचा बॅनर या सगळ्यांसाठी आपण चित्रांचे फोटो काढतो, लॅपटॉपवर घेतो आणि 'जरा नीट' करतो. ही 'जरा नीट' करण्याची पायरीच घोळाची असते.

समजा, आपल्या लॅपटॉपचा पडदा मुळातच निळसर आहे. एका मुलीने गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांचे सुंदर वारली चित्र काढले आहे. आपल्याला पडद्यावर तो गेरू फिका, जांभळट दिसतो. आपण प्रामाणिकपणे लाल-पिवळा वाढवतो. आता पडद्यावर ठीक दिसते, पण फाइल छापायला गेली की कागदावर गेरूच्या जागी भडक नारिंगी येतो. चूक चित्रात नव्हती, फोटोतही नव्हती. चूक पडद्यात होती आणि आपण ती चित्राला लावली. परीक्षकांसमोर जे जाते ते त्या मुलीचे चित्र राहत नाही.

म्हणून आजच्या लेखात आपण पाहणार आहोत, की पडद्याचे रंग नीट लावणे म्हणजे काय, ते विनाखर्च कसे करायचे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या.

१) कॅलिब्रेशन म्हणजे काय?

बाजारात भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो. तो का असतो? कारण काटाच चुकीचा असेल, तर तोलणारा कितीही प्रामाणिक असला तरी माप चुकणारच. पडदा हा आपला रंगांचा काटा आहे. तो ठरलेल्या मापाला आणून ठेवणे म्हणजे कॅलिब्रेशन.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या. फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येकी ० ते २५५. म्हणजे २५६ गुणिले २५६ गुणिले २५६, एकूण १,६७,७७,२१६ जोड्या. पडदा फक्त ते आकडे उजेडात बदलून दाखवतो. कॅलिब्रेशन केल्याने फाइलमधला एकही आकडा बदलत नाही. बदलते ते फक्त आपल्याला दिसणारे रूप. पण त्या दिसण्यावर भरवसा ठेवून आपण पुढे आकडे बदलतो, म्हणून पडदा खरा असायला हवा.

२) तीन गोष्टी जमल्या की निम्मे काम झाले

पहिली गोष्ट : पांढऱ्याची छटा. पांढरा सगळीकडे सारखा नसतो. जुन्या पिवळ्या बल्बखाली तो पिवळट, ढगाळ दिवशी निळसर. ही छटा केल्विन या एककात सांगतात. पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विन, तर पडद्यासाठी ठरलेला पांढरा सुमारे ६५०० केल्विन. आकडा वाढला की छटा निळसर होते. मुलांना हे उलटे वाटते, कारण आपण लाल रंगाला 'गरम' म्हणतो. लोहाराच्या भट्टीचे उदाहरण द्या : लोखंड तापताना आधी लाल होते, मग नारिंगी, मग पिवळे आणि अजून तापले की पांढुरके. जास्त तापमान म्हणजे निळ्याच्या दिशेने.

दुसरी गोष्ट : गॅमा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या मधल्या पायऱ्या किती उजळ दिसाव्यात, हे गॅमा ठरवतो. आपला डोळा अंधाऱ्या छटांमधला फरक जास्त टिपतो, म्हणून मधला आकडा १२८ असला तरी पडदा निम्मा उजेड देत नाही. गॅमा २.२ असेल, तर तो पूर्ण उजेडाच्या सुमारे २२ टक्के उजेड देतो आणि डोळ्याला तोच 'मधला' राखाडी वाटतो. गॅमा बिघडला की चेहरे काळवंडतात, नाहीतर सगळे चित्र धुवून निघाल्यासारखे दिसते.

तिसरी गोष्ट : उजळपणा. पडदा पूर्ण उजेडावर ठेवून फोटो नीट केला, की छापील प्रत हमखास काळपट वाटते. आपण प्रेसवाल्याला दोष देतो, पण तपासायला हवा तो आपला पडदा.

या तिन्हींसाठी सर्वांनी पाळावे असे एक माप आहे, त्याचे नाव एसआरजीबी. ते १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून मांडले आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. मोबाइल, इंटरनेट, साधे प्रिंटर हे बहुतेक सगळे हेच माप गृहीत धरतात. म्हणून शाळेच्या कामासाठी आपणही एसआरजीबीच धरायचे.

३) डोळ्यावर पूर्ण विसंबता का येत नाही?

आपला डोळा फार समंजस आहे. समोर जो उजेड असेल त्यालाच तो पांढरा मानून घेतो. निळसर पडद्याकडे थोडा वेळ बघत बसलो की तो आपल्याला पांढराच वाटू लागतो. हेच कारण, की 'माझा पडदा तर मस्त आहे' असे प्रत्येकाला वाटते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये एका ड्रेसचा फोटो जगभर फिरला होता, तुम्हालाही आठवत असेल. एकाच फोटोत कोणाला निळा-काळा ड्रेस दिसत होता, कोणाला पांढरा-सोनेरी. ड्रेस मुळात निळा-काळा होता. एकाच फोनवर बघणाऱ्या दोन माणसांमध्येही वाद झाले, कारण खोलीतला उजेड कसा असेल याचा अंदाज प्रत्येकाच्या मेंदूने वेगळा बांधला.

यावर सोपा उपाय म्हणजे तुलना. एकटा रंग बघून डोळा फसतो, पण दोन रंग शेजारी ठेवले की फरक चटकन कळतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच युक्तीवर उभ्या आहेत.

४) सुरुवात करण्याआधीची तयारी

ही तयारी कंटाळवाणी वाटते, पण निम्म्या चुका इथेच होतात.

• लॅपटॉप सुरू करून अर्धा तास होऊ द्या. पडदा स्थिर व्हायला वेळ लागतो.
• पडदा मऊ, कोरड्या कापडाने पुसून घ्या. धुळीचा थर रंग फिके करतो.
• चार्जर लावून ठेवा. बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉप गुपचूप उजेड आणि रंग कमी करतो.
• विंडोजमधला 'नाइट लाइट' आणि मॅकमधले 'नाइट शिफ्ट' व 'ट्रू टोन' बंद करा. हे सगळे पडदा मुद्दाम पिवळट करतात किंवा खोलीप्रमाणे बदलत राहतात.
• उजेड आपोआप कमी-जास्त करणारी सेटिंग बंद करा. 'एचडीआर' सुरू असेल तर तेही बंद करा.
• कंपनीने दिलेला 'व्हिव्हिड' किंवा 'सिनेमा' असा भडक मोड असेल, तर त्याऐवजी 'स्टँडर्ड' किंवा 'एसआरजीबी' निवडा.
• पडद्यावर थेट ऊन किंवा ट्यूबचे प्रतिबिंब पडू देऊ नका. लाल-पिवळ्या भिंतीसमोर बसू नका, अंगात भडक रंगाचा शर्ट किंवा साडी नको. तोही रंग पडद्यावर उमटतो.
• पडद्यासमोर अगदी सरळ बसा. स्वस्त लॅपटॉपमध्ये टीएन जातीचा पडदा असतो. त्याचे झाकण थोडे मागे-पुढे केले तरी रंग बदलतात. आयपीएस पडद्यात हा त्रास फार कमी. झाकण कुठल्या कोनात ठेवले ते लक्षात ठेवा, पुढे रंगाचे काम त्याच कोनात करायचे.

आता उजळपणा. एक कोरा पांढरा कागद पडद्याशेजारी धरा, असा की त्यावर खोलीतला नेहमीचा उजेड पडेल. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा. पडदा दिव्यासारखा झगझगत असेल तर उजळपणा कमी करा, मळकट वाटला तर वाढवा. कागद आणि पडदा साधारण सारखे उजळ वाटले की थांबा. एवढ्या एका गोष्टीनेही छपाईच्या तक्रारी बऱ्याच कमी होतात.

५) विंडोज लॅपटॉपवर, एकही रुपया खर्च न करता

विंडोजमध्ये यासाठी सोय दिलेलीच आहे. खालच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' असे टाइप करा आणि ते उघडा. मग एकेक पायरी येते :

पायरी १ : गॅमा. पडद्यावर काही गोल दिसतात आणि प्रत्येकाच्या मधोमध एक छोटा ठिपका असतो. बाजूची सरकपट्टी अशी हलवा की तो ठिपका आजूबाजूत जवळजवळ मिसळून जाईल. ठिपका जेवढा कमी दिसेल तेवढा गॅमा बरोबर.

पायरी २ : ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट. ही पायरी मुख्यतः वेगळ्या मॉनिटरसाठी आहे, कारण त्याला स्वतःची बटणे असतात. लॅपटॉपला ती नसतात, म्हणून ही पायरी वगळली तरी चालते. पण तिथले कोट घातलेल्या माणसाचे चित्र जरूर पाहा. कोट आणि शर्ट वेगवेगळे कळायला हवेत आणि मागची फुली जेमतेम दिसायला हवी.

पायरी ३ : रंगांचा समतोल. राखाडी पट्ट्या आणि लाल, हिरवी, निळी अशा तीन सरकपट्ट्या येतात. राखाडीत कुठल्याच रंगाची झाक असता कामा नये. सरकपट्ट्या सुरुवातीला टोकाला असतात, म्हणजे रंग वाढवता येत नाही, फक्त कमी करता येतो. राखाडी निळसर दिसला तर निळी पट्टी थोडीशीच मागे घ्या. थोडे हलवा, दूर बघा, दहा सेकंदांनी परत बघा. घाईत डोळा फसतो.

पायरी ४ : तुलना. शेवटी 'आधीचे' आणि 'आत्ताचे' अशी दोन बटणे येतात. ती आलटून-पालटून दाबा. नवे रूप सुरुवातीला पिवळट वाटेल, कारण डोळ्याला निळसराची सवय झालेली असते. शेजारच्या कोऱ्या कागदाशी ताडून पाहा आणि मगच 'फिनिश' म्हणा.

मॅक असेल तर 'सिस्टीम सेटिंग्ज'मध्ये 'डिस्प्लेज' उघडा. तिथे 'कलर प्रोफाइल'च्या यादीत 'कस्टमाइज' हा पर्याय बहुतेक मॉडेलमध्ये मिळतो. त्यातले अधिकचे चिन्ह दाबले की याच प्रकारच्या पायऱ्या सुरू होतात.

६) जमले की नाही, हे कसे तपासायचे?

पॉवरपॉइंट आपण सगळेच वापरतो. एका स्लाइडवर एका ओळीत ११ चौकोन काढा. प्रत्येकाच्या रंगात लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे सारखेच भरा : ०, २५, ५१, ७७, १०२, १२८, १५३, १७९, २०४, २३०, २५५. आता तीन प्रश्न विचारा :

• शेजारशेजारचे चौकोन वेगळे ओळखू येतात का? काळ्या टोकाचे दोन चौकोन एकच वाटत असतील, तर सावलीतले बारकावे तुम्हाला दिसणार नाहीत.
• पांढऱ्या टोकाचे शेवटचे दोन वेगळे दिसतात का? नसतील, तर पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या हरवणार.
• एखाद्या चौकोनात गुलाबी, हिरवट किंवा निळसर झाक आहे का? असेल तर पायरी ३ पुन्हा करा.

ही स्लाइड जपून ठेवा. दर महिन्याला एकदा उघडून बघायला दोन मिनिटे लागतात. पडदा जुना होतो तसे त्याचे रंग सरकतात, त्यामुळे एकदा केले आणि विसरले असे चालत नाही.

७) यंत्राची गरज कोणाला?

वरची पद्धत डोळ्यावर चालते, त्यामुळे ती ढोबळ आहे. शाळेच्या अंकापुरती ती पुरते. पण घरात कोणी छायाचित्रणाचा व्यवसाय करत असेल किंवा मूल डिझाइनच्या शिक्षणाकडे वळत असेल, तर कलरीमीटर नावाचे छोटे यंत्र मिळते. ते पडद्यावर टेकवून ठेवायचे. संगणक एकामागून एक रंग दाखवतो, यंत्र प्रत्यक्ष उजेड मोजते आणि जो फरक निघतो त्याची नोंद एका फाइलमध्ये होते. तिला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. यंत्राला लक्ष्य द्यायचे असते : पांढरा ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि उजळपणा दर चौरस मीटरला सुमारे १२० कँडेला. छपाईसाठी काही जण याहून कमी उजळपणा धरतात. डिस्प्लेकॅल हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी वापरता येते.

प्रत्येक शाळेने यंत्र विकत घ्यावे असे मुळीच नाही. ओळखीच्या फोटो स्टुडिओतून ते तासाभरासाठी मिळू शकते किंवा केंद्रातल्या शाळा मिळून एक घेऊ शकतात. मात्र एका लॅपटॉपची प्रोफाइल दुसऱ्याला लावू नका. मॉडेल तेच असले तरी प्रत्येक पडदा वेगळा असतो. एकाच्या नंबरचा चष्मा दुसऱ्याला चालत नाही, तसेच हे.

८) कॅलिब्रेशनने काय होत नाही?

स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले असते. म्हणजे तो पडदा एसआरजीबीमधले साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दाखवू शकतो. झेंडूचा भगवा, गुलालाचा गुलाबी असे भडक रंग त्यावर फिकेच दिसणार. कॅलिब्रेशन पडद्याला नसलेले रंग देत नाही, असलेले सरळ रेषेत आणते. म्हणून अशा लॅपटॉपवर रंग 'अजून थोडा' वाढवण्याचा मोह टाळा. मुलासाठी नवा लॅपटॉप घेणार असाल, तर आयपीएस पडदा आणि '१०० टक्के एसआरजीबी' हे दोन शब्द शोधा.

दुसरी मर्यादा छपाईची. पडदा उजेड मिसळून रंग करतो, प्रेस शाई मिसळून करते. पडद्यावरचा लखलखीत निळा किंवा पोपटी शाईत तसाच येत नाही. महत्त्वाचा बॅनर असेल तर आधी छोटा नमुना छापून घ्या. राष्ट्रध्वजाच्या रंगांबाबत तर विशेष काळजी हवी. ध्वजाच्या रंगांची मोजमापे भारतीय मानक ब्युरोच्या मानकात ठरवून दिलेली आहेत. २६ जानेवारीच्या फलकावरचा केशरी 'डोळ्याला बरा वाटतो' म्हणून लाल किंवा पिवळ्याकडे नेऊ नका.

तिसरी गोष्ट पालकांसाठी. रंगांधत्वाची प्रसिद्ध चाचणी जपानी डॉक्टर इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली, ती छापील पानांवरची आहे. लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर तसली चित्रे दाखवून मुलाबद्दल निष्कर्ष काढू नका. पडद्याचे रंगच सरकलेले असतील तर चाचणीला अर्थ उरत नाही. शंका आली तर सरळ नेत्रतज्ज्ञांकडे न्या.

९) चित्राचा फोटो काढतानाच घ्यायची काळजी

पडदा नीट झाला, आता फोटो. चित्र खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, असे ठेवा. ट्यूब आणि खिडकी असा मिश्र उजेड टाळा. चित्राच्या कडेला साधा पांढरा कागद ठेवून फोटो काढा. लॅपटॉपवर फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पांढरा ठरवायचे ड्रॉपरसारखे साधन असते, ते त्या कागदावर टेकवा. फोटोतली पिवळट किंवा निळसर झाक बरीचशी निघून जाते. मग कागदाचा भाग कापून टाका. जमले तर मूळ चित्र पडद्याशेजारी धरून ताडून पाहा आणि फाइल एसआरजीबीमध्येच साठवा. परीक्षकांचा पडदा कसा आहे हे आपल्या हातात नाही, पण आपल्याकडून योग्य आकडे जाणे आपल्या हातात आहे.

१०) वर्गात घेण्यासारखा छोटा उपक्रम

तिसरी-चौथीपासून हा उपक्रम छान होतो. मोबाइलवर कोरे पांढरे चित्र उघडा आणि काचेवर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगासारखे काम करतो आणि पांढऱ्यात लाल, हिरवे, निळे ठिपके दिसू लागतात. आता पिवळे चित्र उघडा. मुलांना विचारा, पिवळा ठिपका कुठे आहे? तो सापडतच नाही! फक्त लाल आणि हिरवे पेटलेले असतात. मग रंगपेटीतला लाल आणि हिरवा कागदावर मिसळायला सांगा. तिथे मातकट तपकिरी होतो. 'बाई, असं कसं?' हा प्रश्न आला की समजा धडा झाला. उजेड मिसळणे आणि रंग मिसळणे यातला फरक व्याख्या न सांगताच मुलांच्या हाती येतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

• आधी पडदा तपासा, मग चित्र सुधारा. क्रम उलटा नको.
• नाइट लाइट बंद, चार्जर लावलेला, पडदा अर्धा तास सुरू.
• उजळपणा कोऱ्या कागदाशी जुळवा.
• राखाडी हा राखाडीच दिसला पाहिजे.
• महिन्यातून एकदा ११ चौकोनांची स्लाइड उघडा.

आणि शेवटी एकच. मुलाने आकाश जांभळे रंगवले असेल, तर ते पडद्यामुळे जांभळे दिसते की त्याने खरोखर तसे रंगवले, हे आपल्याला कळायला हवे. पडदा खरा असेल तर आपण निश्चिंतपणे म्हणू शकतो, की हे आकाश त्याचेच आहे. मग त्याला हात लावायचा नाही.

येत्या शनिवारी दप्तरमुक्त तासाला अर्धा तास काढा आणि शाळेचा लॅपटॉप एकदा नीट लावून घ्या. शेजारच्या शाळेतल्या सहकाऱ्यांनाही सांगा.